ताटावरचे करकोचे

आमच्या घराण्यात शुभकार्य सुरळीत पार पडलं, असं सहसा होत नाही. माझ्या लग्नात आचारी भांडून निघून गेला होता. दिराच्या लग्नात फोटोग्राफरलाच चक्कर आली आणि त्या अल्बममध्ये अर्धे फोटो मांडवाच्या छताचे आहेत. त्यामुळे लेकाचा साखरपुडा कसलाही गोंधळ न होता उरकला, तेव्हा पाहुणे गेल्यावर मी सोफ्यावर पाय पसरले आणि मोठ्यानं म्हटलं, "सुटलो बाई एकदाचे!" ही माझी घाईच झाली.

मुलगी जपानची. लेक तिकडे नोकरीला गेला आणि ऑफिसातल्याच एका मुलीवर त्याचा जीव जडला. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. यांनी मात्र लगेच निकाल देऊन टाकला. "बौद्ध आहेत ना? मग आपलेच की." तिची बुद्धवंदना वेगळ्या भाषेत, आपली वेगळ्या भाषेत, एवढाच काय तो फरक, असं ते आमच्या नाशिकच्या कॉलनीत घरोघर सांगून आले. मुलीला वडील नाहीत. आई एकटीच तिला घेऊन आली, आमच्या वरच्या खोलीत उतरली, आणि पहिल्याच दिवशी माझ्या हातची भाकरी तिनं इतकी मन लावून खाल्ली की माझा उरलासुरला राग गेला.

आता आक्काबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, मनमाडची. नवरा रेल्वेत होता, तो ऐन तारुण्यात गेला. त्याच्या जागी ती नोकरीला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. जिभेला हाड नाही. मी शाळेत शिकवायचे म्हणून मला आजवर तिनं नावानं हाक मारली नाही, "मास्तरीणबाई"च म्हणते. माझं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे असं लोक म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही.

पण एका गोष्टीत मी तिच्या बाजूची आहे. आमच्यात साखरपुड्याला मुलीकडून ताट येतं. ताटावर कापड झाकलेलं असतं, बहुतेक वेळा ब्लाउजपीस. ते कापड मुलाची आत्या उचलते, आणि जी उचलते तिचंच ते होतं. आत्याचा मान. दिराच्या दोन्ही मुलांच्या वेळी ताट आक्काच्या समोरून गेलं आणि उचललं मात्र लांबच्या एका चुलत बहिणीनं, कारण म्हणे कुंकवाची बाई हवी. ज्या तोंडानं वंदना म्हणायची त्याच तोंडानं ही कुजबुज करायची, याचा मला भयंकर राग येतो. आक्का दोन्ही वेळी काही बोलली नाही. आत जाऊन पुऱ्या लाटत बसली. न बोलणारी आक्का मी आयुष्यात तेवढीच पाहिली आहे.

म्हणून आमच्या लेकाच्या वेळी यांनी आधीच जाहीर करून टाकलं, "ताट उचलेल तर आक्काच." कुणी नाक मुरडलं असेल तर आमच्या पाठीमागे.

त्या दिवशी गच्चीवरच्या मांडवात विहीणबाई राखाडी किमोनो घालून आल्या. दोन्ही हातांवर काळं चकचकीत तबक, आणि त्यावर कापड. सगळ्यांच्या माना त्या कापडाकडेच वळल्या. गडद निळं रेशीम, मोठ्या रुमालाच्या दुप्पट असेल, चारही कोपऱ्यांना लाल गोंडे. वर पांढऱ्या आणि सोनेरी दोऱ्यांनी भरलेले दोन उंच पक्षी, एक पंख पसरलेला, एक मान खाली घातलेला. त्यांच्या पायाशी कासव. आजूबाजूला हिरव्या सुयांसारखी पानं, बांबू आणि बारीक फुलांची एक फांदी. सोन्याचा दोरा कापडातून ओवलेला नव्हता. तो वर ठेवून बारीक बारीक टाक्यांनी जखडलेला होता. इतकं काम आमच्या साड्यांच्या पदरावरही क्वचित दिसतं.

आक्का पुढे झाली. तिनं पदर सारखा केला, हात साडीला पुसले, आणि कापडाची दोन टोकं धरून हळूच उचललं. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या. खाली लाकडी पेटी आणि पेटीत चहाचे दोन पेले. पण पेल्यांकडे बघतंय कोण?

"अगं बाई, बगळे!" आक्का म्हणाली.

"बगळे नाहीत आक्का, करकोचे," हे म्हणाले. "थंडीत नांदूरमध्यमेश्वरला येतात तसले."

"मान लांब हाय ना? मग बगळाच तो. अन् कासवाला शेपूट बघ केवढं! त्यांच्याकडं असंल बाई." तिनं कापड उलटं केलं. मागे लाल अस्तर आणि मधोमध पांढरा गोल शिक्का. "कंपनीचा छाप पण हाय!"

सगळे हसले. विहीणबाईही हसल्या. मग आक्कानं कापडाची नीट घडी घातली, आपल्या काळ्या बॅगेत ठेवली, चेन ओढली आणि बॅग मांडीवर घेऊन बसली ती जेवणाची पंगत बसेपर्यंत. विहीणबाईंची नजर त्या बॅगेवर होती. मला वाटलं, कौतुकानं बघतायत. संध्याकाळच्या गाडीनं आक्का मनमाडला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाहुण्यांना लेणी दाखवून आणली. मंगळवारी सकाळी मी ते काळं तबक धुऊन पुसून घेतलं. पाहुण्यांचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून त्यात चिवड्याचं पाकीट आणि मनुकांचा पुडा ठेवला आणि विहीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी कमरेत वाकून घेतलं. चिवड्याचं पाकीट जरासं उचलून खाली पाहिलं. मनुकांचा पुडा उचलून खाली पाहिलं. मग परत ठेवून हसल्या. आमच्या होणाऱ्या सूनबाईचा चेहरा मात्र पडला. मायलेकी जिन्यात काहीतरी हळू आवाजात बोलल्या, आणि थोड्या वेळानं लेक स्वयंपाकघरात आला.

"आई, ते कापड कुठंय?"

"कुठलं कापड?"

"ताटावरचं."

"आत्यानं नेलं. कुठं असणार?"

तो स्टुलावर बसला. "ते परत द्यायचं असतं."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. तिकडच्या जुन्या घरांत रीत अशी की भेटवस्तूवर हे कापड घालून न्यायचं. घेणाऱ्यानं कापड बघायचं, त्याचं कौतुक करायचं, भेट ठेवून घ्यायची आणि कापड तबकासकट परत पाठवायचं. तबकात बदल्यात काहीतरी छोटंसं ठेवायचं, रिकामं पाठवायचं नाही.

"मग मी रिकामं कुठं पाठवलं?"

"तेच तर झालंय ना! तू तबक परत दिलंस, वर चिवडा ठेवलास. त्यांना वाटलं, यांना रीत पक्की ठाऊक आहे. म्हणजे कापड मुद्दाम ठेवून घेतलं."

मी त्याच्यावरच उखडले. इतकी वर्षं तिकडे राहून नुसता भात खातोस का, असं विचारलं. तो म्हणाला, आता हे कुणी फारसं करत नाही, त्यानंही पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात मुलगी आत आली आणि तिनं फोनवर एक जुना फोटो दाखवला. तिच्या आईच्या लग्नातला. तेच निळं कापड, तेच करकोचे.

ते तिच्या आईच्या आजीच्या आईनं भरलेलं होतं. घरातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नाची भेट त्याच कापडाखालून गेली आणि कापड दर वेळी घरी परत आलं. करकोचे म्हणजे दीर्घायुष्य आणि जोडीनं राहणं. हिरव्या सुया देवदारासारख्या झाडाच्या, हिवाळ्यातही हिरवं राहणाऱ्या. बांबू वाकतो पण मोडत नाही. फुलं भर थंडीत फुलतात. आणि कासवाचं ते शेपूट नव्हेच. कासव इतकं म्हातारं झालंय की पाठीवर शेवाळ वाढून मागे लोंबतंय. अस्तरावरचा छाप कंपनीचा नाही, घराण्याचा. एका करकोच्याचा पंख थोडा वेगळ्या पांढऱ्या रंगाचा आहे, तो कसरीनं खाल्ला म्हणून आजीनं पुन्हा भरला होता.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

लेकानं तिला विचारलं. ती खाली बघून काहीतरी म्हणाली. "म्हणते, राहू दे. मुलगीच देतेय, तर कापडाचं काय."

असं बोलणारी बाई आतून किती तुटली असेल, ते मला कुणी जपानीतून समजावून सांगायची गरज नव्हती. शुक्रवारी त्यांचं विमान होतं.

मी आक्काला फोन लावला. तीनदा विषयावर आले आणि तीनदा तिच्या गुडघ्याची चौकशी केली. शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते साखरपुड्याचं कापड काय केलंत हो आक्का?"

"हाय ना. शेजारणी लय मागं लागल्यात. एक म्हणती कुशनची कव्हरं काढ, एक म्हणती मधोमध कापून दोन पडदे. बघते काय करायचं ते."

"कापू नका हं आक्का!"

"का गं?"

सांगणार काय? तुमचा मान परत द्या? आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला, तोही चार दिवसांत? आणि दुसरं म्हणजे, साखरपुड्याच्या वस्तू परत जाताना आम्ही पाहिल्यात त्या सोयरीक मोडली तेव्हाच. कापड माघारी गेलं म्हटल्यावर कॉलनीत काय काय शिजलं असतं! मी म्हटलं, "आम्ही उद्या येतोय तुमच्याकडे. पाहुण्यांना घर दाखवायला."

"या की," आक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तडक बाजारात जाऊन आक्कासाठी एक झकास साडी घेतली, जांभळी, मोठ्या काठाची. बेत असा की तिला आतल्या खोलीत गाठायचं, साडी हातात ठेवायची आणि सगळं सांगून टाकायचं. हे म्हणाले, "मी बोलू का?" मी म्हटलं, "तुम्ही बोललात की ती रडते आणि मी बोलले की भांडते. भांडलेली परवडली."

बुधवारी गाडीनं निघालो. हे चालवत होते, पुढे लेक, मागे आम्ही तिघी बायका. चांदवडला कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही रांग लागलेली. विहीणबाई काचेला नाक लावून कांदे बघत होत्या आणि मला घाम फुटत होता. त्यांना मुलीनं काही सांगितलं नव्हतं. आत्याकडे जेवायला जातोय, एवढंच. माझ्या डोळ्यांपुढे कात्री हलत होती. पोहोचेपर्यंत त्या बायकांनी आक्काचं मन वळवलं असेल आणि पंख एका कुशनवर, मान दुसऱ्या कुशनवर असं काहीतरी दिसेल, या विचारानं मी साडीच्या पिशवीचा बंद पिळून पिळून तोडला.

आक्काच्या घरात पाय ठेवला आणि आधी कुशनं बघितली. जुनीच होती. पडदे जुनेच. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. कापडाचा कुठेच पत्ता नाही. आक्कानं पाहुण्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "मास्तरीणबाई, तू आत येऊ नको. हितंच बस."

मी अर्धी उठलेली परत बसले. माझा बेत तिथेच बोंबलला.

थोड्या वेळानं आक्का आतून आली. दोन्ही हातांत स्टीलचं मोठं ताट आणि ताटावर ते निळं कापड. सगळे करकोचे जागच्या जागी, गोंडे चारही बाजूंनी सारखे लोंबत असलेले. एक टाकाही हललेला नव्हता. माझ्या तोंडून "हुश्श" निघून गेलं, इतक्या जोरात की हे वळून बघायला लागले.

आक्कानं ताट विहीणबाईंसमोर धरलं. "पहिल्यांदा घरी आलात. घ्या. सांग रे त्यांना, उचलायला सांग."

लेकानं सांगितलं. विहीणबाई खुर्चीवरून उठल्या. एकदम खाली जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. मग आक्कालाही गुडघ्यांची कुरकुर करत खाली बसावं लागलं. विहीणबाईंनी ताटाकडे वाकून नमस्कार केला आणि कापड बघत राहिल्या. जणू ते पहिल्यांदाच बघत होत्या. काहीतरी म्हणाल्या. मुलीचे डोळे भरले. लेक म्हणाला, "त्या कापडाचं कौतुक करतायत. किती सुंदर आहे म्हणतायत."

मग त्यांनी कापड उचललं. खाली मुलीसाठी एक साडी, हिरव्या बांगड्या आणि विहीणबाईंसाठी एक शाल. त्यांनी साडी आणि शाल कपाळाला लावून मांडीवर घेतली, बांगड्या मुलीच्या हातात दिल्या. आणि मग कापडाची घडी केली, गोंडे आत वळवून, अगदी सावकाश. ती घडी रिकाम्या ताटात ठेवली. पर्समधून स्वतःचा फुलाफुलांचा कोरा हातरुमाल काढून शेजारी ठेवला. आणि ताट दोन्ही हातांनी आक्कापुढे सरकवलं.

मला ओरडावंसं वाटलं. त्यांच्या पणजीनं भरलेलं कापड त्या आपल्या हातानं आक्काला परत देत होत्या, कारण त्यांची रीत तशी होती. कापडाखालून भेट आली, कापड देणाऱ्याचं.

आक्कानं ताट परत त्यांच्याकडे सरकवलं. विहीणबाईंनी वाकून पुन्हा तिच्याकडे. आक्कानं पुन्हा तिकडे. चौथ्या वेळी आक्काचा पारा चढला.

"अरे, सांग की तिला! आमच्यात ताटावरचं कापड उचलंल तिचं. तिनं उचललं ना? सगळ्यांनी बघितलं ना? मग ते तिचं झालं. आता मी ठेवलं तर माझ्या घराण्याची अब्रू जाईल. रुमाल ठेवते हवं तर, रुमाल चांगला हाय."

लेकानं शब्दन् शब्द सांगितला. विहीणबाई ऐकत होत्या. पुरतं ऐकून झाल्यावर त्यांनी ती घडी उचलली, छातीशी धरली आणि हमसून हमसून रडल्या. आक्का तशीच गुडघ्यांवर पुढे सरकली आणि त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली. "नाय नाय, रडायचं नाय," असं ती मनमाडच्या बोलीत म्हणत होती आणि त्यांना ते कळत होतं. मुलीनं नंतर लेकाकरवी आक्काला कासवाच्या शेवाळाचं सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजे माझ्यावानीच की. मला बी आता शेवाळच यायचं राह्यलंय."

मग जेवणं झाली. मी इतकी जेवले की हे मला टोकायला लागले. दोन दिवस घशाखाली धड घास उतरला नव्हता. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं गोड लागलं, आमटीसुद्धा.

निघताना सगळे गाडीत बसायला गेले आणि आक्का मला फाटकाशी घेऊन थांबली. मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगायचंय? साखरपुड्याला ती ताट घेऊन आली, तेव्हा ताटाकडं कमी अन् कापडाकडं जास्त बघत होती. तान्हं लेकरू धरावं तसं धरलं होतं. मी बॅगेची चेन लावली तर तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. मला दिसत नाय व्हय?"

"मग तेव्हाच का नाही दिलंत?"

"देऊ कसं? मानाचं कापड माघारी दिलं तर सोयरीक मोडली म्हणतील लोक. आधीच म्हणतात, हिचा हात लागला की..." ती थांबली. "माझ्या भाच्याच्या ताटाला तरी नाय लागू देणार मी तसलं बोलणं. दोन दिवस इचार केला. शेजारणी कातरी घेऊन दारात. मग म्हटलं, आपणच ताट करू. तिलाच उचलू दे."

मी तिच्या हाताला धरून उभी राहिले. ज्यासाठी मी दोन दिवस झुरत होते, त्याच गोष्टीसाठी तीही मनमाडला एकटी झुरत होती, आणि आम्ही दोघी फोनवर गुडघ्यांबद्दल बोललो होतो. मला रडू आलं आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

"आता तू नको सुरू करू," आक्का म्हणाली. "अन् त्या तुटक्या पिशवीत काय आणलंय? साडी ना? मग नाशिकला परत कशाला नेतेस?"

मी साडी दिली. तिनं काठ उलटून पाहिला, रंग जरा भडक आहे म्हणाली आणि काखेत मारली. यांनी हॉर्न वाजवला. मी गाडीकडे वळले तर मागून तिची हाक आली.

"मास्तरीणबाई! लग्नातलं ताट पण मीच उचलणार हां. विहीणबाईला सांग, वर साधं ब्लाउजपीस टाक म्हणावं. ते मी कुणालाच देणार नाय."